आबांची बैठक

खुर्च्यांच्या कारखान्यातून फोन आला तेव्हा चित्रकार बाई भर दुपारी पलंगावर आडव्या पडून पंख्याची पाती मोजत होत्या. पाती तीनच होती, पण वेळ भरपूर होता.

नवऱ्याला जाऊन वर्ष उलटलं होतं. त्याआधीची कैक वर्षं त्याच्या आजारपणात गेली होती. उठवा, बसवा, कूस बदला, चमच्याने पाणी पाजा. तो गेल्यावर जो तो म्हणाला, "आता तरी जरा विसावा घ्या." बाईंनी विसावा घेतला आणि तिथेच फसल्या. इतके दिवस दाराबाहेर ताटकळत उभा असलेला थकवा आता घरात शिरला आणि पाय पसरून बसला. एके काळी गावातल्या निम्म्या सभागृहांत त्यांनी काढलेली माणसं भिंतीवर टांगलेली होती. आता ब्रश हातात घ्यायचा तर हात म्हणायचा, उद्या.

घरात त्या आणि त्यांची नणंद, दोघीच. नणंद तोंडाने फटकळ, पण कामाला वाघ. फोन तिनेच उचलला आणि पलंगापाशी येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वहिनी, आबांचं चित्र काढायचंय. खुर्चीवाल्या आबांचं. कारखान्याला पन्नास वर्षं होतायत. मी हो सांगून टाकलंय."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. मग कशाला विचारू?"

खरं तर दुसऱ्या कोणाचं नाव असतं तर बाईंनी तो फोन परत लावून नकार कळवला असता. पण आबा म्हटल्यावर त्या उठून बसल्या. त्यांची आई त्या कारखान्यात वेत विणायची. खुर्चीची बैठक विणायची म्हणजे दिवसभर जमिनीवर फतकल मारून, पाठीचं धनुष्य करून बसायचं. बाकीच्या कारखान्यांत बायका अशाच म्हाताऱ्या झाल्या. आबांनी मात्र एक दिवस विणकामाच्या शेडमध्ये खुर्च्या आणून मांडल्या आणि म्हणाले, "खुर्ची करणाऱ्याला आधी खुर्ची." आई हे इतक्यांदा सांगायची की घरात सगळ्यांना पाठ झालं होतं. शेजारणी देवाधर्माचं बोलायला लागल्या की आई म्हणायची, "मी माणसात बघितलाय बाई देव. चहा पितो आणि शिव्याही देतो."

*

कारखान्याच्या दारात आबांची लेक उभी होती. सगळे तिला ताई म्हणायचे. वय पंचेचाळीसच्या आसपास, चाल वाऱ्यासारखी. तिच्याबरोबर चालायचं तर बाईंना निम्मं अंतर पळावं लागत होतं.

"ही भिंत," ताई म्हणाली. "आत आलं की पहिली नजर इथे पडते. गिऱ्हाईक, बँकेचे लोक, सगळे इथूनच येतात. बाई, मी स्पष्टच सांगते. आबांचं वय झालंय, ते कोणाला चुकलंय? पण चित्रात ते तडफदार दिसायला हवेत. डोळ्यांत जरब हवी. लोक आमच्याकडून माल घेतात तो आबांच्या नावावर."

"अजून रोज येतात ते कारखान्यात?"

"रोज!" ताई अभिमानाने म्हणाली. "एक दिवस चुकत नाही. ते आले नाहीत तर इथलं पान हलत नाही."

चित्रासाठी बसायची सोय जुन्या नमुन्यांच्या खोलीत केली होती. कारखान्याने आजवर केलेल्या प्रत्येक जातीची एकेक खुर्ची तिथे होती. काही जमिनीवर, काही भिंतीला टांगलेल्या, पाय हवेत. मधोमध उंच पाठीची, चामड्याची, सिंहासनाला लाजवेल अशी खुर्ची मांडून ठेवली होती.

आबा आले. उंच, पण वरून किंचित वाकलेले, उन्हाने मान टाकलेल्या झाडासारखे. त्यांनी त्या खुर्चीकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"ही आमची सगळ्यात वाईट खुर्ची. दिसायला राजा, बसायला वैरी. साहेब लोकांना विकतो आम्ही." मग त्यांनी कोपऱ्यातली वेताची साधी हातांची खुर्ची स्वतः ओढून आणली, बसले, बूट काढून बाजूला ठेवले आणि विचारलं, "हलायचं नाही ना?"

"फार नाही हललात तर बरं."

"उत्तम," आबा म्हणाले आणि बाईंचा कोळसा कागदाला टेकायच्या आत झोपी गेले.

बाईंनी वाट पाहिली. मुद्दाम खाकरून पाहिलं. शेवटी झोपलेल्या माणसाचे हात काढले, कान काढला आणि त्या घरी आल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आबा वेळेवर यायचे, बूट काढायचे, "काय, आजही हलायचं नाही ना?" असं आशेने विचारायचे आणि डोळे मिटायचे. बाईंनी एकदा हलकेच हाक मारली तर दचकून म्हणाले, "हो हो, चालेल. पाठवून द्या." आणि पुन्हा घोरायला लागले.

आणि एका दुपारी काय झालं, खोलीत उकाडा होता, पलीकडून रंध्याची एकसुरी घरघर येत होती, समोर एक माणूस शांत झोपलेला. जरा टेकावं म्हणून बाई मागच्या खुर्चीवर बसल्या. जाग आली ती बशीच्या खणखणाटाने. चहावाल्या मावशी दारात उभ्या होत्या आणि पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"आता यात कोण कोणाचं चित्र काढतंय म्हणायचं?"

आबाही जागे झाले होते. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंच्या गालावर कोळशाचा फराटा होता आणि कोळशाची कांडी मांडीवरून घरंगळून खाली पडली होती. आबा खो खो हसले. त्या खोलीत ते पहिल्यांदाच हसले असावेत.

"तुम्हीपण?" ते म्हणाले.

"मीपण," बाई म्हणाल्या. खोटं बोलायलाही अंगात त्राण हवं.

*

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं सुरू झालं. चहा झाला की आबा थोडा वेळ जागे राहायचे, तेवढ्यात बाई चेहरा धरायच्या. बाईंनी आईची गोष्ट सांगितली. विणकामाची शेड, जमिनीवर बसणाऱ्या बायका, खुर्ची करणाऱ्याला आधी खुर्ची.

आबांनी रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बाई, तुमच्या आईला आता काही सांगता येणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. तो माल फसलेला होता."

"म्हणजे?"

"एक आख्खी गाडी भरून खुर्च्या परत आल्या होत्या. मागचा पाय आखूड पडला होता. डुगडुगायच्या. ठेवायला जागा नव्हती, म्हणून शेडमध्ये नेऊन टाकल्या. आता नुसत्या टाकल्या म्हणून कसं सांगायचं? तोंडाला आलं ते बोललो. ते बोलणं बाया घरोघर घेऊन गेल्या. दुसऱ्या वर्षी लोक माझ्या पाया पडायला लागले."

बाईंना हसू आलं. त्यांनी रंगाची ट्यूब उगाच दाबली, हवा होता त्यापेक्षा जास्त रंग बाहेर आला.

"आईची पाठ मात्र शेवटपर्यंत ताठ होती," त्या म्हणाल्या. "पाय आखूड होता की लांब, ते पाठीला काय ठाऊक?"

"हं," आबा म्हणाले. "म्हणजे तुम्हीही सोडणार नाही मला."

हे ते गमतीने म्हणाले, पण बाईंनी मान वर केली. आबा खिडकीबाहेर बघत होते.

"मला घरी जायचंय हो," ते म्हणाले. "आजचं नाही म्हणत मी. कायमचं. कितीतरी वर्षं सांगतोय. मी म्हणतो, बस झालं आता. हे म्हणतात, आबा, तुमच्याशिवाय कसं होणार! सभेत मला मधे बसवतात. मी डुलक्या काढतो. लोक म्हणतात, आबा विचार करतायत. लेकीला सांगितलं तर तिचा चेहरा एवढासा होतो, मग मीच म्हणतो, जाऊ दे, येतो उद्या. बाई, लोकांनी नावं ठेवली तर माणूस भांडू शकतो. डोक्यावर घेतलं तर उतरायचं कुठून?"

दुसऱ्यासाठी हो म्हणणारा असा दमलेला माणूस बाईंनी घरातच, नवऱ्यात, पाहिला होता. त्याला विचारलं, बरं वाटतंय ना, की तो हो म्हणायचा. समोरच्याला बरं वाटावं म्हणून. तो 'हो' ओठांवर असायचा, डोळ्यांत नसायचा. तो नेमका कुठे नसायचा हे बाईंना पापणीच्या रेषेपर्यंत माहीत होतं.

"म्हणून म्हणतो, चित्र लवकर करा," आबा म्हणाले. "ते तिथे बसवलं की मी निघालो. त्याला काय, ते दमत नाही." आणि बोलता बोलता त्यांची मान छातीवर आली.

त्या दुपारी बाईंनी डोळे रंगवायला घेतले. वर्षभरात पहिल्यांदाच हात उद्या म्हणाला नाही. आबा जागे झाले की अर्धा क्षण त्यांचा चेहरा कोणाचाच नसायचा. आबाही नाही, मालकही नाही, नुसता झोपेतून उठलेला एक म्हातारा, आपण कुठे आहोत हे आठवू पाहणारा. मग ते आठवायचं आणि चेहरा आवरला जायचा. बाई तो अर्धा क्षण पकडायला बसल्या. रोज थोडा थोडा मिळत गेला.

नणंदेने घरी विचारलं, "जमतंय का?"

"माणूस जमतोय," बाई म्हणाल्या. "पण मागितलंय ते हे नव्हे."

"मागितलं ते दिलं तर चित्र कशाला, आरसा विकत आणला असता त्यांनी."

"पण आरशात तर खरंच दिसतं."

"मग तेच दिलंत ना तुम्ही? झालं तर. जेवायला चला, कोरड्या पडल्यायत पोळ्या."

*

समारंभाच्या आदल्या दिवशी ताई चित्र बघायला आली. हातात फोन होता. चित्रासमोर आली आणि फोनवर "मग करते" म्हणून तिने तो बंद केला.

वेताच्या खुर्चीत आबा बसले होते. पायात मोजे, बूट बाजूला. एक हात खुर्चीच्या हातावर, दुसरा मांडीवर उताणा पडलेला, काही मागत नसलेला. चेहऱ्यावर दुःख नव्हतं, आजार नव्हता. खूप चाललेला माणूस पारावर टेकावा आणि त्याला उठायचं जिवावर यावं, असे डोळे होते.

"हे कोण आहे?" ताई म्हणाली.

बाई फडक्याने बोटं पुसत राहिल्या.

"बाई, मी काय सांगितलं होतं? उद्या इथे सगळे येणार. हे बघून ते काय म्हणतील? यांचा माणूस संपला! डोळे बदला. तेवढं तर जमेल ना?"

जमण्यासारखं होतंच. जन्मभर बाईंनी तेच केलं होतं. वरची पापणी एक सूत वर घ्यायची, बुबुळात पांढऱ्याचा टिपका ठेवायचा, की मेलेला माणूसही हुकूम सोडायला लागतो. बाईंनी ब्रश उचलला, पांढऱ्यात बुडवला. चित्रासमोर उभ्या राहिल्या. आणि मग ब्रश फडक्याला पुसून टाकला.

"नाही बदलत मी," त्या म्हणाल्या. आवाजात धार नव्हती. भांडायचं बळ कुठून आणणार? "नको असेल तर घरी नेते. तुमच्यावर राग नाही माझा. पण रोज जे दिसलं ते मी काढलं."

"रोज मीपण बघते त्यांना!"

"तुम्ही चालता चालता बघता."

असं बोलायचं बाईंच्या मनात नव्हतं, पण बोलून गेल्या. ताईचा चेहरा लाल झाला. आता ही आपल्याला बाहेर काढणार असं बाईंना वाटलं. पण ताईने इकडेतिकडे पाहिलं आणि त्या वेताच्या खुर्चीत बसली. इतक्या दिवसांत तिला बसलेलं बाईंनी आज पहिल्यांदा पाहिलं. बसल्यावर ती बापासारखी दिसत होती. तीच वाकलेली मान.

"ते घरी गेले ना," ताई हळू आवाजात म्हणाली, "तर सगळे माझ्याकडे बघायला लागतील. आत्ता काही अडलं की मी 'आबांशी बोलून सांगते' म्हणते. बोलत कधीच नाही. दार लावून दहा मिनिटं बसते, बाहेर येते आणि माझंच म्हणणं आबांच्या नावाने सांगते. लोक ऐकतात."

"म्हणजे कारखाना तुम्हीच चालवता."

"पण ते कोणाला माहीत आहे?" ताई म्हणाली. "मलाही नाही माहीत, खरं सांगायचं तर."

बाईंनी तिला पाणी दिलं. दुसरं द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं. ताईने पेला रिकामा केला, उठली, पदर सारखा केला.

"असू दे. लावा तसंच. बाकीचं मी बघते," असं म्हणून ती निघाली. काय बघणार ते तिने सांगितलं नाही, आणि बहुधा तिलाही ठरवता आलेलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी दर्शनी दालन माणसांनी फुलून गेलं. पुढे पाहुणे, मागे कामगार. भाषणं झाली. प्रत्येकाने आबांना आधी वटवृक्ष केलं, मग दीपस्तंभ केलं, एकाने तर दोन्ही एकदम केलं. आबा मधल्या खुर्चीत विचार करत होते, म्हणजे डुलक्या काढत होते. मग चित्रावरचा पडदा ओढला गेला.

टाळ्यांसाठी हात वर झाले आणि तिथेच राहिले. बाई खांबाआड उभ्या होत्या. त्यांना वाटलं, आपण उगाच आलो. नणंदेला पाठवून आपण पडून राहायला हवं होतं.

तेवढ्यात मागून पॉलिश खात्यातल्या एका म्हाताऱ्याचा आवाज आला. ऐकायला कमी येत असल्याने तो पुटपुटायचा तेही चौघांना ऐकू जायचं.

"अरे, आबा किती दमलेत!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग हसू सगळीकडे पसरलं, पण ते चेष्टेचं नव्हतं. आपल्याही मनात होतं ते दुसऱ्याने बोलून टाकलं की माणसं हसतात तसं. आबांना जाग आली. त्यांनी समोर पाहिलं, भिंतीवर स्वतःला पाहिलं आणि तेही हसायला लागले.

"मग सोडा की त्यांना घरी!" चहावाल्या मावशी म्हणाल्या. "किती वर्षं दामटणार म्हाताऱ्याला?"

"हो, हो," मागून आणखी आवाज आले. "जाऊ द्या आबांना. पुष्कळ केलं."

ताई माइकपाशी होती. हातात भाषणाचा कागद होता, तो तिने उघडलाही नाही. ती बापाकडे वळली आणि माइक चालू आहे हे विसरून घरच्यासारखी बोलली.

"आबा, तुम्ही घरी जाता का?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं. खुर्चीचे हात धरून ते हळूहळू उभे राहिले.

"इतकी वर्षं मी सांगत होतो," ते म्हणाले, "पण असं विचारलं कोणी नव्हतं. विचारलंस, आता जातो."

आणि पुढचा कार्यक्रम बाकी असताना, ते खरंच निघाले. दोन्ही बाजूंनी लोक सरकले. कोणी पाया पडलं नाही, कोणी घोषणा दिली नाही. माणूस कामावरून सुटून घरी जातो तसे ते गेले. ताई माइकपाशी उभी होती. ते दाराबाहेर पडले तेव्हा तिने डोळे पुसले आणि पाहुण्यांना म्हणाली, "बसा. चहा येतोय."

*

पुढे सगळं गोड झालं असं नाही. दोन मोठी गिऱ्हाइकं त्याच महिन्यात तुटली. ताईची चाल जरा मंदावली आणि केसांत पांढरं दिसायला लागलं. चित्रही दर्शनी भिंतीवर टिकलं नाही. बँकेच्या साहेबांना ते बघून बसल्या जागी जांभया यायला लागल्या म्हणे. तिथे आबांचा तरुणपणीचा मोठा केलेला फोटो आला. चित्र कामगारांनी मागून घेतलं आणि जेवणाच्या खोलीत लावलं.

तैलरंग पुरते वाळायला काही महिने जातात, मगच त्यावर वॉर्निशचा हात द्यायचा असतो. तो द्यायला बाई गेल्या तेव्हा जेवणाची सुट्टी संपत आली होती. बाकावर एक ओळखीची पाठ दिसली. आबा होते. चहा घेत बसले होते.

"फाटकावर नवा पहारेकरी आहे," ते म्हणाले. "कोणाला भेटायचंय म्हणून विचारलं मला."

"मग काय सांगितलंत?"

"चहावाल्या मावशींना."

दोघं हसले. बाई स्टुलावर चढून रुंद ब्रशने वॉर्निश लावू लागल्या. मधेच ताई हातात कागद घेऊन, कोणाशी तरी बोलत दारावरून गेली. तिने आबांना पाहिलं, हात वर केला, "आबा, मग भेटते हं," म्हणाली आणि तशीच पुढे गेली. काम असणारच.

आबा दाराकडे बघत राहिले.

"जायचं मलाच होतं," थोड्या वेळाने ते म्हणाले. "रोज दुपारी मस्त झोपतो. बायको म्हणते पायांत पायांत येता. सगळं मनासारखं आहे. पण बाई, माझ्याशिवाय इतकं सुरळीत चालेल असं काही वाटलं नव्हतं."

बाई स्टुलावरून उतरल्या. खांदा भरून आला होता, गुडघा कुरकुरत होता. त्यांनी ब्रश धुतला, फडकं पिळलं, पिशवी भरली.

"तुम्ही कुठल्या बाजूला जाणार?" आबांनी विचारलं.

"चौकापर्यंत चालत. मग बस."

"चला, मीही येतो चौकापर्यंत. पण हळू चालायचं."

"मला कुठे पळायला येतंय?" बाई म्हणाल्या.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने दोघांकडे एकदा पाहिलं आणि दार उघडलं.